टेबलाखालचा नमस्कार

शेजारच्या माणसाला माझा पाय लागला, म्हणून मी पोकरच्या टेबलाखाली वाकून त्याला नमस्कार केला आणि तेवढ्यात माझे दोन एक्के गेले. गोव्याच्या त्या कॅसिनोत असा नमस्कार माझ्याआधी कुणी केला नसेल, नंतरही करणार नाही.

तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. शहाणं व्हायचं वय येऊन गेलं होतं, शहाणपण तेवढं यायचं राहिलं होतं. घाटंजीच्या शाळेत गणित शिकवणं सोडून मी पोकरच्या टूर्नामेंट खेळत हिंडायला लागले होते. बॅगेत दोन साड्या, गुडघ्यांना चोळायचं तेल आणि ऐटीसाठी घेतलेला काळा गॉगल. डोळे दिसू नयेत म्हणून खेळाडू गॉगल लावतात, हे मी कुठंतरी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी मी तो लावला आणि लाल पत्ता बदामाचा की चौकटचा हेच मला दिसेना. तरी अर्धा दिवस काढला नाही. काढला असता तर आपण नवख्या आहोत हे लोकांना कळलं असतं ना!

तुम्हाला तीन पत्ती येत असेल तर पोकर अर्धा कळला म्हणून समजा. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते सगळ्यांचे म्हणून मधे उघडतात. टूर्नामेंटमध्ये सगळ्यांना सारख्याच चिप्स, म्हणजे पैशाच्या जागी चकत्या, देऊन बसवतात. चिप्स संपल्या की खुर्ची सोडायची. असं करत करत शेवटी नऊ जण उरतात, ते एका टेबलावर येतात. त्याला फायनल टेबल म्हणतात. त्या नऊ जणांचा फोटो काढतात.

तो फोटो मला हवा होता. माझ्याहून जास्त तो माझ्या सासूबाईंना हवा होता.

त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. पत्ते मला त्यांनीच शिकवले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर बायकांचा डाव बसायचा. पैशाऐवजी सरकी. आत्याबाई पत्ते कमी आणि समोरचीचं तोंड जास्त बघायच्या. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीची सरकी त्यांच्या पुढ्यात आणि तिथून आमच्या म्हशीच्या टोपल्यात. मी नोकरी सोडून खेळायला जाते म्हटल्यावर घरात सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आत्याबाई मात्र उठल्या, हातोडी शोधली आणि समोरच्या खोलीत भिंतीला एक खिळा ठोकला. फोटोसाठी.

मी दर वेळी परत यायची. यवतमाळहून एसटीने घाटंजीला उतरले की धुळीचा नि भिजल्या मातीचा तो वास नाकात शिरायचा आणि वाटायचं, आता कुठं जायचं नाही. दारातच प्रश्न यायचा, शेवटच्या टेबलावर बसली का. नाही म्हटलं की त्या एवढंच म्हणायच्या, "बरं. खिया राहू दे तसाच." आणि आठ दिवसांत मला चिप्सचा आवाज आठवायला लागायचा. गोव्यात घर आठवायचं, घरी गोवा. मी कुठंच पूर्ण नसायची.

आत्याबाई कधी यवतमाळच्या पुढं गेल्या नव्हत्या. समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिलेला. मी आले की विचारायच्या, पाणी खरंच पाय ओढते काय. मी म्हणायची, ओढतं. त्या जरा वेळ आपल्या पावलांकडं बघत बसायच्या. एकदा तरी त्यांना सोबत न्यावं, हे मला सुचलं नाही. आठव्या वर्गाच्या पोरांना बुद्धी नाही म्हणून रागावणारी बाई मी!

निघताना त्यांनी मला एक चिंचोका दिला होता. पोकरमध्ये आपले पत्ते आपणच राखायचे असतात. त्यांच्यावर काहीतरी वजन ठेवायचं, त्याला प्रोटेक्टर म्हणतात. कुणी नाणं ठेवतं, कुणी छोटा गणपती. मी चिंचोका ठेवायची. पण त्या टूर्नामेंटमध्ये मला असं वाटायला लागलं की चिंचोका मुठीत धरला की चांगले पत्ते येतात. गणिताची मास्तरीण मी, आणि मुठीत चिंचोका.

तो दिवस पोळ्याचा होता. दुपारी दहा जण उरलो. दोन टेबलांवर पाच पाच. आणखी एक जण उठला की आम्ही नऊ फायनलला जाणार होतो. ब्रेकमध्ये मी घरी फोन लावला. आत्याबाई पोळ्याच्या तोरणाखाली, बैलांच्या गर्दीत उभ्या होत्या. बोलणं ऐकू येईना म्हणून त्यांनी फोन गर्दीकडं धरला. बैलांच्या घागरमाळा, आणि कुणीतरी घसा ताणून झडत्या म्हणत होतं. झडत्या म्हणजे आमच्याकडं पोळ्याला एकमेकांना टोमणे मारत म्हणायची गाणी. ब्रेक संपला तरी मी फोन कानाला लावून उभी. परत खुर्चीवर बसले तेव्हा अंग गोव्यात होतं, जीव तोरणाखाली.

आणि दोन एक्के आले. पोकरमध्ये सुरुवातीला याहून मोठं काही येत नाही.

मी जवळपास सगळ्या चिप्स पुढं सारल्या. माझ्या डाव्या हाताला दिल्लीचा एक पोरगा होता, कानाला हेडफोन लावलेला, बूट काढून पाय पसरलेला. त्यानेही तेवढ्याच चिप्स लावल्या. बाकीच्या तिघांनी पत्ते टाकले. मला इतका आनंद झाला की मी खुर्ची पुढं ओढली आणि माझा पाय त्याच्या पायावर पडला.

आमच्याकडं पाय लागला की हात आपोआप जातो. विचार करायला वेळ नसतो. मी टेबलाखाली वाकले, त्याच्या गुडघ्याला हात लावला आणि दोन्ही हात कपाळाशी नेले. तो दचकला. हेडफोन काढून म्हणाला, "क्या हुआ, आंटी?"

"पाय लागला, बेटा," मी म्हटलं आणि वर आले.

समोर पत्ते नव्हते.

मी पत्ते वाटणाऱ्या डीलरच्या अगदी शेजारी बसले होते. टाकलेले पत्ते डीलर एका ढिगात ओढतो, त्याला मक म्हणतात. त्याने तिघांचे ओढले, त्यात माझेही गेले. वर वजन नाही, हात नाही, बाई टेबलाखाली. त्याची काय चूक? चिंचोका मुठीत.

फ्लोअरला बोलावलं. फ्लोअर म्हणजे तिथला पंच. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पत्ते मक में मिल गए. हँड डेड है."

म्हणजे माझा डाव बाद. मी त्याला नमस्काराचं सांगितलं. अगदी वर्गात सांगावं तसं, कारण देऊन.

"रूल में पैर नहीं है, मॅडम."

सगळ्या चिप्स पोराकडं गेल्या. तो माझ्याकडं न बघता गुपचूप बूट घालत होता. माझ्याकडं जे चिमूटभर उरलं होतं ते पुढच्याच डावात संपलं. दहावी आले. बाहेर पडताना मागं फोटोसाठी खुर्च्या लावायचा आवाज येत होता. मी वळून पाहिलं नाही, असं आजवर सगळ्यांना सांगत आले. पाहिलं होतं.

त्यानंतर मी आणखी दोन वर्षं खेळले, मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. फायनल टेबल झालंच नाही. पुढच्या पोळ्याला आत्याबाई नव्हत्या. तो खिळा अजून आहे. नात त्यावर दप्तर अडकवते, तेव्हा मला उगाच वाटतं की जागा अडवली. तिला मी सरकीवर पत्ते शिकवते आणि पहिलाच धडा देते, पत्त्यांवर वजन ठेव, मग काय ते संस्कार.

पण त्या वेळी घरी आले तेव्हा आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या हसतील किंवा खिळा उपटतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त पाय कोणाचा लागला ते विचारलं. माझाच, म्हटलं. मग नमस्कार करायलाच हवा होता, हे त्यांनी मान हलवून मान्य केलं. माझ्या हातातून चिंचोका घेतला, पदराने पुसला, बराच वेळ बोटांत फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या,

"पुढच्या खेपेले मले घेऊन चाल. तू नमस्कार करजो, मी तुये पत्ते धरून बसतो."