कड्यावरची छत्री

आमच्या गावामागे, पाटोद्याच्या रस्त्याला लागून, एक काळा कडा आहे. त्यावर तीस वर्षं एक भलीमोठी पांढरी छत्री होती. आमच्याकडे पावसाचा पत्ता नसायचा, छत्री मात्र बारमाही उघडी. ती मीच काढली होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला शिव्या घालताना संकोच नको.

तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. आग्यामोहळाच्या नादानं कड्याची खाच न् खाच पाठ झालेली. त्या वर्षी दुष्काळ होता, सहकारी साखर कारखान्याची निवडणूक होती, आणि एका पॅनलला चिन्ह मिळालं होतं छत्री. दुष्काळात छत्रीला मतं मागायलाही निगरगट्टपणा लागतो. तो त्यांच्याकडे भरपूर होता. देवळाची भिंत रंगवून झाली, शाळेची झाली, मग नजर कड्यावर गेली. पॅनलप्रमुख जीपमधून न उतरताच मला म्हणाले, "वर छत्री काढ, खाली लिही, शेतकऱ्याचा कारखाना शेतकऱ्याच्या हाती. निवडून आलो की तू कारखान्यात पर्मनंट."

आमचं घर ऊसतोडीला जाणारं. दिवाळी झाली की मायबाप कोयता घेऊन निघायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. पर्मनंट हा शब्द कानावर पडला आणि माझी अक्कल चरायला गेली.

वडलांनी विहिरीवरचा नाडा कड्याच्या माथ्यावरच्या लिंबाच्या बुंध्याला वेढा देऊन दोन दिवस हातात धरून ठेवला. मी त्याला लटकून रंगवत होतो. रंग टिकावा म्हणून मी गाढवानं दोन-दोन हात दिले. वडलांचे तळहात सोलून निघाले.

पॅनल निवडून आलं. नोकरी लागली प्रमुखांच्या मेहुण्याला. मी विचारायला गेलो तर प्रमुख म्हणाले, "छत्री लई झकास काढलीस बे!" आणि पान जमवायला लागले. पुढं मी शिकून मास्तर झालो. कारखाना या लोकांनी आधी पोखरला, मग बुडवला, शेवटी त्याचं भंगारही खाल्लं. शेतकऱ्याच्या हाती काय आलं, ते विचारू नका. छत्री ठणठणीत होती.

माझ्या वर्गाच्या खिडकीतून ती समोरच दिसायची. पोरं विचारायची, "सर, ती छत्री कुणी काढली?" मी म्हणायचो, "असंल कुणीतरी बिनडोक." मरायच्या आत ती आपल्याच हातानं पुसायची, एवढं मी मनाशी धरून ठेवलं होतं.

मग पुण्याची पोरं कडा चढायला येऊ लागली. रंगावरून बूट सरकतात, अशी त्यांची तक्रार. एका उन्हाळ्यात त्यांनी कडा साफ करायचं ठरवलं, आणि सगळ्यांच्या आधी मी हजर झालो. पुन्हा दुष्काळच होता. या शहाण्यांनी रंग काढायचं रसायन आणलं आणि ते धुवायला चक्क पाण्याचा टँकर मागवला. टँकर कड्याकडे वळताना दिसला तशा वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन मागं धावल्या. एकजण कडाडली, "दगडाला आंगूळ घालता, अन् आमच्या लेकरांना प्यायला न्हाई!" पोरं इंग्रजीत माफी मागू लागली. त्या बाईला इंग्रजी येत नव्हतं, हे त्यांचं नशीब.

मी टँकर वस्तीकडे पिटाळला. पाणी नाही म्हणजे रसायनही नाही. उरले तारेचे ब्रश. कोरडंच घासायला घेतलं. पहिल्या दिवशी बारा पोरं होती, फोटो काढून झाल्यावर चार उरली. त्या चौघांना मात्र मी नावं ठेवणार नाही. तीन दिवस दोरावर लटकून घासलं. माझेच ते दोन हात, निघता निघेनात. तिसऱ्या दिवशी छत्रीचा उरलेला दांडाही गेला आणि मला लहान पोरासारखा आनंद झाला.

घरी आलो तर माय ओट्यावर बसलेली. वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. मी म्हणालो, "माय, पुसली बघ छत्री. त्या चोरांची निशाणी ठिवली न्हाई."

तिनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून कड्याकडं पाहिलं.

"चोरांची कशानं? तुझी व्हती ती," ती म्हणाली. "आमी तोडीहून माघारी यायचो, तवा तुझा बा ट्रॅक्टरमदी उभा ऱ्हायचा. छत्री दिसली की समद्यांना दाखवायचा. म्हणायचा, ते बघा माझ्या पोराचं काम. आलं गाव."

वडलांनी मला हे कधीच सांगितलं नव्हतं. हात सोलवणाऱ्या त्या छत्रीचा त्यांना माझ्याइतकाच राग असेल, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. मी तिच्यापुढं माझे तळहात धरले. ब्रशानं फोड येऊन फुटले होते.

मायनं ते पाहिले. म्हणाली, "त्याचे बी असेच झालते. पुसायचीच व्हती, तर काढलीस कावून?"