गॅलरीतला हिमालय

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सरांचे. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि पोचलो तो त्यांनी वडिलांची समजूत घातली म्हणून. सूचिपर्णी वृक्षांचा धडा सर दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूंनी चित्रं काढून शिकवायचे. प्रत्यक्षात तसं झाड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सर परळला येणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, की नव्या डोळ्याने त्यांना ते झाड दाखवायचंच. दादरच्या नर्सरीतून बुटका ज्युनिपर आणला, हिमालयातल्या सूचिपर्णी वृक्षांपैकीच एक. वाढून वाढून गुडघ्याएवढा होणारा. लालबागच्या चाळीतल्या गॅलरीत याहून मोठा हिमालय मावत नाही.

"पाणी बेताने घाला," नर्सरीवाला म्हणाला. "माती सुकली की मगच."

पण मी पदवीधर. थंड प्रदेशातलं झाड मुंबईच्या उकाड्यात कसं तगेल, याचा मी शास्त्रीय विचार केला आणि रोज ऑफिसला निघताना बर्फाचा एक ट्रे कुंडीत रिकामा करू लागलो. बर्फ वितळून त्याचं पाणीच होतं, एवढं सोडून बाकी सगळा विचार केला होता. शिवाय शेजारच्या काकू आंघोळ करून तुळशीला पाणी घालायच्या आणि तांब्यात उरलेलं माझ्या कुंडीत ओतायच्या. मी भीत भीत म्हटलं, "काकू, त्याला जास्त पाणी चालत नाही."

"झाडाक पाणी नको, मगे काय चाय घालू?"

झाड मात्र हिरवंगार. त्याचे फोटो मी ऑफिसात दाखवायचो आणि सदाहरित म्हणजे काय, ते न विचारता समजावून सांगायचो.

डोळ्याची पट्टी निघाली आणि सर चाळीत आले. कुंडीपाशी खुर्ची ओढून बसले. खवल्यांसारखी बारीक पानं बोटांनी चाचपत बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी अंगठ्याच्या नखाने फांदीची साल खरवडली. आत कोरडं, तपकिरी.

"मेलंय रे हे."

"पण सर, हिरवं आहे!"

"ही झाडं मेल्यावरही बरेच दिवस हिरवी दिसतात. सांगितलं होतं वर्गात. तू पहिल्या बाकावर होतास ना?"

काकू दारातून म्हणाल्या, "तरी मी रोज पाणी घालत होतंय!"

सर हसले. मला हसता येईना. जाताना त्यांनी एक काडी तोडून रुमालात गुंडाळली. "याची पानं अशी असतात होय? फळ्यावर मी सगळ्यांना सुयाच काढत आलो," म्हणाले.

नंतर मी त्यांना पत्र लिहिलं:

"आदरणीय सर, नमस्कार.

दुसरा ज्युनिपर आणला आहे. मातीत भरपूर वाळू मिसळली आहे. काकूंना आणखी एक तुळस आणून दिली, आता तांब्यातलं उरलेलं पाणी तिला जातं. बर्फ फक्त सरबतात. झाड जिवंत आहे का, हे तुमच्यासारखं नखाने खरवडून पाहिलं. हिरवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तेव्हाही हिरवं होतं. आता त्या फांदीवर साल उरलेली नाही, म्हणून पाहणं थांबवलं आहे. शेंड्याला नवी, फिकट पालवी आली आहे. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला जरा लवकर या. माझ्या हातात ते किती टिकेल, याची खात्री देववत नाही.

आपला विद्यार्थी"