भाऊजींचा ट्रॅक्टर आणि माझी परात

रविवार, १६ नोव्हेंबर. काम: ट्रॅक्टरखालचं तेल पुसणे.

डिलाईल रोडवर लोक पोपट पाळतात, मांजरं पाळतात. ट्रॅक्टर पाळणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा धाकटा दीर. माझे सासरे आप्पा गेल्यावर गावच्या वाटण्या झाल्या, तेव्हा भाऊजींनी जमीन नको म्हणून सांगितलं आणि सासऱ्यांचा जुनाट ट्रॅक्टर मागून घेतला. तेव्हापासून तो आमच्या चाळीच्या अंगणात उभा आहे. वर्षातून एकदा गल्लीचा गणपती ओढतो, उरलेलं वर्ष हायड्रॉलिकचं तेल गाळतो. त्याच्याखाली लावायला भाऊजींनी माझी कणकेची परात कधीच पळवली. सकाळी उठून ते आधी त्या परातीत डोकावतात आणि रात्रीत किती तेल साठलं ते बघून चहा घ्यायचा की नाही ते ठरवतात. मागे तापाने फणफणले होते. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं, तर म्हणाले, "मागच्या जोडातून गळतंय." डॉक्टर घाबरले.

परवा मात्र तळमजल्यावरच्या आजी त्या तेलावरून घसरल्या. हाड वाचलं, पण चाळ कमिटीने सांगून टाकलं, सोमवारी सकाळी एक थेंब दिसला तरी ट्रॅक्टर भंगारात. भाऊजी जेवले नाहीत. पाइपाच्या जोडातली रबरी रिंग त्यांनी इतक्यांदा बदलली होती की दुकानदार त्यांना लांबून बघूनच ती काढून ठेवायचा.

मी फडकं घेऊन खाली बसले, तेव्हा ते जुनी रिंग काढत होते. मी ती पुसली, तर बोटाला लाल, खरखरीत कण लागले.

"भाऊजी, हे काय?"

"कुंकू. नवा पार्ट हळद-कुंकवाशिवाय बसवायचा नाही. आप्पांची पद्धत."

"आप्पा बॉनेटला लावायचे. मी बघितलंय. तुम्ही रिंगेला फासता, मग ती घट्ट बसणार कशी?"

त्यांनी जुनी रिंग उजेडात धरून बघितली. मग नवी रिंग माझ्यापुढे धरली. "बिनपूजेची बसवायला माझा हात धजत नाही, वहिनी. तुम्ही बसवा."

मी बसवली. त्यांनी बॉनेटला कुंकवाचं बोट टेकवलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर. परात कोरडी. कमिटीवाले वाकून बघून गेले. भाऊजी मात्र रिकाम्या परातीकडे बघत तसेच उभे.

"आता सकाळी उठून बघायचं काय, वहिनी?"

मी खरं तर परात न्यायलाच खाली गेले होते. ती पायाने पुन्हा ट्रॅक्टरखाली सरकवली, वर आले आणि कणीक पातेल्यातच मळली.