हरवलेले दोन टक्के

प्रयोगशाळेत त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. एकोणीस वर्षं त्या एकाच टेबलाशी आहेत. डावीकडे छोटी भट्टी आणि तिच्यातच काटा; नमुना तापताना त्याचं वजन किती घटलं, ते काटा सांगतो. उजवीकडे दोन यंत्रं, एक वाफेतली द्रव्यं वेगळी करणारं, दुसरं ती ओळखणारं. मधे बोटाएवढी जाड, सतत गरम ठेवलेली नळी. ती कुठे गार पडली, की जड वाफ तिथेच चिकटून बसते आणि पलीकडे काहीच पोचत नाही.

बाईंची धाकटी बहीण बुटांच्या कारखान्यात तळवे दाबायच्या यंत्रावर असते. नवं रबर आल्यापासून तिचे डोळे चुरचुरत होते, खोकला हटत नव्हता. एका रविवारी ती आली, ती धुमसतच.

"मॅनेजर म्हणतो, नाटकं पुरेत. रबर तपासून आणलंय, काही निघालं नाही. पुन्हा तक्रार केलीस तर घरी बस."

"कुठं तपासलं?"

"तुझ्याच लॅबमध्ये. सही मात्र सुरेख केलीयस हं, ताई!"

बाईंना हसू आलं नाही.

सोमवारी त्यांनी जुना आलेख काढला. एकशे साठ अंशांना वजन दोन टक्के घटलं होतं, पलीकडच्या यंत्रात मात्र सपाट रेघ. रिपोर्टात त्यांनी 'ओलावा' लिहिलं होतं. ते यंत्र पाण्याची नोंदच घेणार नाही असं लावलेलं होतं, त्यामुळे सपाट रेघ असूनही 'ओलावा' खपून गेला. पण ओलावा शंभराच्या आसपासच निघून जातो, हे बाई स्वतःच नव्या लोकांना पहिल्या दिवशी शिकवतात.

त्यांनी नळीला जागोजाग तापमापी लावून पाहिली. शेवटच्या वळणावर नव्वद अंश. हवे होते अडीचशे. तिथलं उष्णता धरून ठेवणारं वेष्टण मागे सरकलेलं होतं. कुणी सरकवलं, ते शोधावं लागलं नाही. थंडीत त्या वळणावर जेवणाचा डबा टेकवून गरम करायची सवय बाईंचीच.

त्यांनी नळी साफ केली, वेष्टण घट्ट बसवलं आणि राखून ठेवलेला नमुना पुन्हा लावला. काटा उतरला. काही मिनिटांत रेघेवर उंच शिखर उभं राहिलं. डोळ्यांना, घशाला झोंबणारं द्रव्य होतं ते.

"जुना रिपोर्ट मागे घ्या, सर. चूक माझी आहे."

साहेबांनी दोन्ही आलेख पाहिले. "कारण काय लिहू?"

"डबा."

"बाई, असं कुठं लिहितात? 'तांत्रिक अडचण' लिहितो."

"मग मॅनेजर म्हणेल, अडचण या वेळी आली असेल. झालं तेच लिहा. आणि माझी बहीण तिथं कामाला आहे, तेही. तिसऱ्यांदा नमुना दुसऱ्या कुणाला तरी चालवू दे."

तिसऱ्यांदा शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चालवलं. शिखर तिथंच, तेवढंच. रिपोर्ट डब्यासकट गेला. बाईंना लेखी समज मिळाली.

पंधरा दिवसांनी धाकटी पुन्हा आली. "मॅनेजरनं तुझ्या डब्यावरून सगळ्यांदेखत हसून घेतलं."

"मग?"

"मग रबर परत पाठवलं. यंत्रावर धूर ओढणारा पंखाही बसवला." चप्पल काढून ती तिथंच सतरंजीवर आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. बाई उशाशी भाजी निवडत बसल्या. तासाभरात ती एकदाच खोकली.