विठाबाईचा होकार

विठाबाई बंगळूरला छावणीकडच्या सरकारी इस्पितळात आया होती. मुलांच्या सर्जिकल वॉर्डातून पोराला कडेवर घ्यायचं आणि ऑपरेशनच्या खोलीत नेऊन टेबलावर निजवायचं, हे तिचं मुख्य काम. नऊ वर्षांत तिनं शेकडो पोरं नेली. पोरांच्या रडणाऱ्या आयांना ती कन्नडमध्ये, तमिळमध्ये, नाहीतर निपाणीकडच्या आपल्या मराठीत दटावायची, "अगं, मुंगी चावल्यागत हुतंय. घाबरतीस कशाला?"

आणि तिची स्वतःची प्रेमा सहा वर्षांची झाली, तरी पोरीचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला तो दुभंगलेलाच.

शेजारणी म्हणायच्या, ग्रहणात विळीवर बसली असशील. ते तिनं कधी मनावर घेतलं नाही. पण एकदा टेबलावरून तिच्या हातात परत दिलेलं एक पोर थंडगार लागलं होतं, ते तिचे हात विसरले नव्हते. सर्जन हुद्दार पुण्याचे. मराठी बोलायला मिळतं म्हणून तिच्यापाशी घटकाभर थांबायचे. दोन वर्षं ते तिच्या मागे लागले. "विठाबाई, हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. पोरीच्या आयुष्याचा आहे."

"बघू की साहेब," म्हणत ती बादली उचलायची.

शेवटी १९५७च्या मे महिन्यात नवऱ्यानं, कल्लाप्पानं, तोंड उघडलं. तो शिवाजीनगरात जटक्यांची, म्हणजे तिकडच्या टांग्यांची, चाकं बसवायचा आणि महिन्यातून चार वाक्यं बोलायचा. "शाळेत घालायची, का कोंबडीसारखी घरातच डालून ठेवायची?"

दुसऱ्या दिवशी विठाबाईनं कागदावर अंगठा उठवला. हुद्दारांनी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. बारा जून ही तारीख ठरली.

त्याआधीच फ्लू आला. मद्रासला बोटीतून उतरला म्हणे, आणि बंगळूरला पोचायला त्याला काही वेळ लागला नाही. आठवड्याभरात निम्म्या नर्सा अंथरुणाला खिळल्या. सर्जिकल वॉर्डातल्या खाटा तापाच्या पोरांना गेल्या. भूल देणारे डॉक्टर स्वतःच तापानं फणफणले. जिवावरचं असेल तेवढंच कापायचं, बाकी सगळं पुढं, असा हुकूम निघाला.

विठाबाई हुद्दारांसमोर उभी राहिली. "साहेब, आमच्या प्रेमाचं?"

हुद्दारांनी फायलीतून मान वर केली नाही. "ओठच आहे ना? दिसण्याचं काम. स्वल्प थांबलं तर काय बिघडतंय?"

दोन वर्षांत साहेब 'स्वल्प' हा एक कन्नड शब्द शिकले होते, तोही नेमका आज कामाला आला. त्या दिवशी विठाबाईच्या हातून वॉर्डातली भांडी फार वाजली.

इकडे शाळा उघडल्या, आणि फ्लूच्या भीतीनं गल्लीतल्या कन्नड शाळेच्या मास्तरांनी फर्मान काढलं, प्रत्येक पोरानं नाकातोंडाला रुमाल बांधूनच वर्गात यायचं. विठाबाईनं ऐकलं आणि त्याच सकाळी प्रेमाला नेऊन नाव घातलं. वर्गात तीस तोंडं झाकलेली, त्यांतलं एक प्रेमाचं. पोरगी पहिल्या बाकावर बसू लागली, पाढे म्हणू लागली. महिन्याभरानं रुमाल सुटले, तेव्हा शेजारी बसणाऱ्या अलकानं तिच्याकडं निरखून पाहिलं.

"दुखतं?"

"नाही."

"मग सरी," अलकानं कन्नडमध्ये 'ठीक आहे' म्हटलं आणि आपल्या डब्यातली चिंच तिला दिली.

ऑपरेशनची तारीख जुलैत मिळाली. पोरगी सकाळपासून उपाशी राहिली आणि दुपारी कळलं, भूलवाले डॉक्टर अजून उठून बसत नाहीत. ऑगस्टात प्रेमालाच ताप आला. सप्टेंबरात साठलेले हर्निया आधी. जिनं दोन वर्षं 'बघू' म्हटलं, तीच आता रोज यादीपाशी जाऊन आपल्या पोरीचं नाव कितवं आलं ते कारकुनाकडून वाचून घेत होती.

नोव्हेंबरात नाव वर आलं, तोवर हुद्दारांची बदली झाली होती. ओठ शिवला तो नुकत्याच आलेल्या एका तरुण डॉक्टरानं. आईनं आत यायचं नाही, असा नियम. म्हणून प्रेमाला दुसऱ्या आयेनं, कृष्णाबाईनं नेलं. विठाबाई दाराबाहेर उभी राहिली आणि हातांचं काय करावं ते न सुचून कोरडीच फरशी पुसत बसली.

आठवड्यानं टाके निघाले. ओठ सरळ, वर एक बारीक रेघ. सगळ्यांनी डॉक्टरांचं कौतुक केलं. प्रेमा आरशात पाहून हसली. ते हसू नीटनेटकं होतं, चारचौघींसारखं, आणि विठाबाईला एकदम रडू कोसळलं.

"आता काय झालं गं?" कृष्णाबाईनं विचारलं.

"माझी पोरगी हसली की पार नाकापर्यंत हसायची," विठाबाई म्हणाली. "ही कोण, ते वळखंना मला."

कृष्णाबाई खो खो हसली. मग पदर डोळ्यांना लावून विठाबाईही हसली, आणि दोघी कामाला लागल्या. पाच नंबरच्या खाटेवरचं पोर न्यायचं होतं.