नरसय्या काय म्हणाला होता

शुक्रवार पेठेत माझ्या गोष्टी ऐकल्या नाहीत असा माणूस सापडणार नाही. पण ही — ही मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. तुम्हाला सांगतो. बसा.

टीव्हीवर फुटबॉलचा वर्ल्ड कप लागला की टपरीवर कुणीतरी म्हणतंच, "मामा, स्टेडियमचं होऊ द्या की." मग मी उठतो, हातवारे करतो, दोह्यातलं ते पांढरं, वाडग्यासारखं स्टेडियम हवेत उभं करतो. ते बांधलं जात असताना मी तिथं होतो, हे खरं आहे. घमेलं मात्र कधी उचललं नाही. मी फक्त बोललो. तेलुगू यंत्रमागवाल्यांच्या गल्लीत वाढलेला माणूस मी, त्यांची भाषा तोंडपाठ, इंग्रजी कामापुरतं. रोज सकाळी साहेबाच्या सूचना मजुरांना तेलुगूत सांगायच्या, मजुरांचं म्हणणं साहेबाला. सांगता सांगता दोन्ही बाजूंना हसवायचो. अहो, मजा तर त्यातच होती.

आता — नरसय्या. करीमनगरकडचा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझ्या विनोदांना सगळ्यात आधी तोच हसायचा. त्या सकाळी पुढे आला आणि हळूच म्हणाला, "मामा, कालपासून डोळ्यांपुढं अंधारी येतेय. आज वर चढायला नको, सांगा ना."

साहेबानं मला विचारलं, काय म्हणतोय?

काय सांगायला हवं होतं? एक वाक्य. तेवढ्याचाच तर पगार घेत होतो. पण साहेबाचा चेहरा आंबलेला, सगळे गप्प — आणि गप्प माणसं मला सोसत नाहीत. मी म्हणालो, "बायकोच्या आठवणीनं चक्कर येतेय म्हणतो. उंचावरून गाव दिसतं का बघायचंय त्याला."

साहेब खदखदून हसला. मुकादम हसला. नरसय्याही हसला — इंग्रजी कळत नव्हतं, सगळे हसले म्हणून. साहेबानं वर बोट केलं. नरसय्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तेलुगूत म्हणालो, "चढ रे, काही होत नाही."

जेवणाच्या सुट्टीआधी तो पडला. कमरेच्या सुरक्षा पट्ट्याचा हूक परांचीच्या एका पाइपवरून काढून दुसऱ्यावर अडकवायचा असतो — त्या मधल्या क्षणात. उचलायला धावले त्यांत मीही होतो. उचलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चौकशीत विचारलं, सकाळी त्याची काही तक्रार होती का? नाही म्हणालो. सही केली.

मग त्याच्या बायकोचा फोन आला. पद्मा तिचं नाव. शेवटचं काही बोलले का — एवढंच तिला हवं होतं. तिच्याच भाषेत सांगितलं, "नाही गं, हसत हसत वर गेला."

हसला होता, हे खरंच की. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून निघालं.

आणि एक राहिलंच. तो विनोद मी अजून सांगतो. नाव न घेता — साहेब, चक्कर, उंचावरून दिसणारं गाव. हमखास हशा येतो. गोष्ट मी तिथंच थांबवतो.

परवाही सांगितला.