चार जागच्या लड्या

माझ्या बाबांनी चाळीस वर्षं सूत रंगवलं. सक्करदऱ्याच्या आमच्या घरात हातमाग होता. सुताचा नवा गठ्ठा आला की बाबा आधी चार जागच्या लड्या ओढून रंगवून पाहत. एकदा त्यांनी ते काम मला सांगितलं. मी मुळातच उतावळी. वरचीच एक लडी बुडवली आणि "सूत चांगलं आहे" म्हणून मोकळी झाले. साडी विणली तर मधेच फिके पट्टे! गठ्ठ्यात दोन तऱ्हांचं सूत होतं. बाबा म्हणाले, "एका लडीवर गठ्ठा पारखते काय वं?"

एवढं ऐकूनही मी सुधारले नाही. गेल्या वर्षी बाबांच्या मेंदूत गाठ निघाली. सुईने एका जागचा तुकडा काढला, आणि या गोळ्यांनी गाठ दबेल असा रिपोर्ट आला. मी बावळट, गल्लीभर पेढे वाटून आले.

तीन महिन्यांनी बाबांच्या उजव्या हातातून चहाचा कप सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नव्या तपासणीत गाठ एका बाजूने आक्रसलेली, दुसऱ्या बाजूने वाढलेली. डॉक्टर म्हणाले, गाठ एक असली तरी आतल्या पेशी एकसारख्या नसतात, त्यांच्या जनुकांत फरक असतो. गोळ्यांनी मरणाऱ्या मेल्या, न मरणाऱ्या फोफावल्या.

"मंग आधीच चार जागी काहून नाही पाह्यलं?" माझा आवाज चढलाच.

"मेंदू आहे, ताई. कुठेकुठे सुई घालणार?"



मग ऑपरेशन झालं. या वेळी तीन जागचे तुकडे तपासायला गेले. तिन्ही तुकडे तीन तऱ्हेचे निघाले. तिन्हींवर चालेल असं एक औषध नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. कागद पर्समध्ये खोल कोंबून मी घरी आले.

बाबा खाटेवर टेकून बसले होते. "किती जागचं काढलं होतं?"

"तीन."

"रंग कसा चढला?"

मी भ्याले. आयुष्यात इतकी कधीच भ्याले नव्हते. "सारखाच चढला, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"मंग या बारीले पेढे काहून नाही आणले वं?"